निळा नसलेला गळा

माझ्याकडे हाताने भरलेले दोन नीळकंठ आहेत. एक बैठकीतल्या भिंतीवर चौकटीत आहे. दुसरा कपाटात, मांजरपाटाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला. कपाटातला भरायला मला सात महिने लागले आणि तो चुकला. आज त्या चुकलेल्या पाखराबद्दल लिहायचं आहे, कारण मला जे काही शिकता आलं ते त्यानेच शिकवलं.

मी बीडला राहते. माहेर पाटोदा तालुक्यातलं. भरतकाम शाळेत शिवणाच्या तासाला शिकले. धावदोरा, साखळी टाका, देठाचा टाका, गाठीचा टाका. नंतर नोकरी, संसार यांतून वेळ मिळेल तसे उशांचे अभ्रे, रुमाल, दारावरची तोरणं भरत राहिले. फुलं, वेली, मोर. मोर तर किती भरले असतील! पण ते सगळे पैठणीचे मोर. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला गोदावरी वाहते आणि तिच्या काठावरच पैठण आहे. तिथल्या पदरावरचा मोर आमच्याकडच्या बायकांच्या डोळ्यांत लहानपणापासून असतो. तो देखणा आहे, पण तो नक्षीतला मोर. त्याला वजन नसतं, सावली नसते. रंगाला लागून दुसरा रंग येतो आणि मध्ये स्वच्छ रेघ असते.

निवृत्त झाल्यावर वाटलं, एकदा खरा पक्षी भरावा. झाडावर बसलेला वाटेल असा. त्यासाठी लांब-आखूड टाका लागतो. पहिल्या ओळीत एक टाका लांब, एक आखूड असे घालत जायचं आणि पुढच्या ओळीचा टाका आधीच्या ओळीत शिरवायचा, म्हणजे एक छटा दुसरीत मिसळत जाते. टाका मला येत होता. त्यामुळे पक्षीही येईल असं मी धरून चालले.

पक्षी निवडला नीळकंठ. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात. लहानपणी त्या दिवशी सकाळी आम्ही पोरं बांधाबांधाने त्याला शोधत फिरायचो. फोनवरून एक छायाचित्र छापून आणलं. त्यात पंख मिटून तारेवर बसलेला पक्षी होता. तो पाहून माझी निराशा झाली. पाठ मातकट, छाती तपकिरी, निळा रंग डोक्यावर, पोटावर आणि पंखाच्या कडेला जेमतेम. मला वाटलं, छपाई फिकी आली. मग मी छायाचित्र बाजूला ठेवलं आणि दुकानातून निळ्या रंगाच्या सहा छटांच्या लड्या आणल्या. नावच नीळकंठ, तेव्हा गळा गर्द निळा भरला. माझी सगळ्यात मोठी चूक हीच. बाकीच्या चुका हाताच्या होत्या, ही डोळ्यांची होती. समोर पुरावा असताना मी नावावर विश्वास ठेवला.

हाताच्या चुकाही सांगते, कारण नव्याने भरायला बसणाऱ्या मुली नेमक्या त्याच करतात.

कापड मी न धुता घेतलं. शेवटी धुतल्यावर ते आटलं आणि पाखराभोवती चुण्या पडल्या. नक्षी निळ्या कार्बनने उतरवली. पोटाच्या फिक्या दोऱ्यांखालून त्या रेघा आजही दिसतात. रिंग रात्र रात्र तशीच कसलेली ठेवली. तिचा गोल वण इस्त्रीनेही गेला नाही.

भरतकामाच्या सुती लडीत दोऱ्याचे सहा पदर असतात. अभ्र्याच्या सवयीने मी तीन पदर एकदम सुईत घेतले. तीन पदरांनी फुलाची पाकळी छान उठते, पण पीस दोरीसारखं दिसतं. पिसाला एकच पदर हवा. आणि प्रत्येक ओळ मी एका सरळ रेषेत संपवली. पुढची ओळ तिथूनच सुरू केली. छटा मिसळण्याऐवजी पट्टे पडले. खरं तर नवा टाका आधीच्या टाक्याच्या पोटातून, त्याचा दोरा दुभंगून वर यायला हवा आणि प्रत्येकाने वेगवेगळ्या उंचीवर यायला हवं. ज्वारीच्या शेतात कणसं एका पातळीत नसतात, तसं.

मी डोक्यापासून सुरुवात करून शेपटीकडे गेले. हे उलटं झालं. पक्ष्याची पिसं घरावरच्या कौलांसारखी असतात. वरच्याची कड खालच्यावर येते. कौलं शाकारताना आपण वळचणीपासून आढ्याकडे जातो. पक्षीही शेपटीकडून डोक्याकडे भरत जायचा, म्हणजे पुढचं पीस मागच्यावर आपोआप बसतं. माझ्या पाखराची पिसं उलटी फिरवल्यासारखी दिसत होती आणि कारण मला कित्येक दिवस कळत नव्हतं.

टाक्याच्या दिशेचंही तसंच. कापडात जिथे जशी जागा होती तशी मी सुई फिरवली. भरतकामाच्या सुती दोऱ्याला कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ताणून तकाकी आणलेली असते. टाका उभा असेल तर एक चमक, तिरपा असेल तर दुसरी. एकाच रंगाचा दोरा दिशा बदलली की दोन छटांचा दिसतो. एकोणिसाव्या शतकात चीनशी व्यापार करणाऱ्या पारशी कुटुंबांनी आपल्याकडे आणलेल्या गारा साड्यांवरचे पक्षी जिवंत वाटतात, त्यात रेशमाइतकंच टाक्याच्या वळणालाही महत्त्व आहे. मी दिशेचा विचारच केला नाही, म्हणून माझ्या पाखराच्या अंगावर उजेड जागोजाग फुटला.

डोळा मी काळ्या दोऱ्याने पूर्ण भरून टाकला. त्यात उजेडाचा पांढरा ठिपका ठेवला नाही. पाखरू बघत नव्हतं.

दसऱ्याला आत्या सोनं द्यायला आली. तिचं सगळं आयुष्य रानात गेलं, खुरपणीत आणि कापूस वेचण्यात. मी मोठ्या हौसेने पाखरू तिच्या हातात दिलं. तिने ते उजेडाला धरलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "माय, टाकं लई बारीक घातलेस. पण हे कोणचं पाखरू?"

"नीळकंठ, आत्या."

"न्हाई माय. त्याचं नरडं निळं नस्तंय. इटकरी असतंय, वर पांढऱ्या रेघोट्या. निळं त्याच्या पखात असतंय, आन् तेबी उडालं की दिसतं."

मी वाद घातला. नाव सांगितलं. ती म्हणाली, "नाव ठेवणाऱ्यानं ठेवलं. तू बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. लहानपणी शोधला होता, दिसल्यावर हात जोडले होते, पण बघितला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही. शाळेत मुलांना मी आयुष्यभर सांगत आले, आधी निरीक्षण करा, मग लिहा.

त्यानंतरच्या थंडीत दर पंधरवड्याला माहेरी गेले. नायगावचं मयूर अभयारण्य आमच्याच तालुक्यात. १९९४ साली ते घोषित झालं. बाहेरून येणारे मोर पाहायला येतात. मी विजेच्या तारांवर बसलेला नीळकंठ पाहायला बांधावर बसायचे. तो तारेवरून जमिनीवर झेपावतो, नाकतोडा उचलतो आणि परत तारेवर येतो. बसला की तो खरंच मातकट. उडाला की पंखांत गडद निळा आणि आकाशी असे पट्टे उघडतात. गळा आणि छाती विटकरी-जांभळट, त्यावर पांढरट रेघा. डोळ्याभोवती नारिंगी कातडी. छापलेलं छायाचित्र बरोबर होतं. आत्याही बरोबर होती. ग्रंथालयातून मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' आणला. याला चास म्हणतात, नीलपंखही म्हणतात. नीलपंख हे नाव डोळे उघडे ठेवून दिलेलं आहे.

पुढे वाचलं की त्या पंखांत निळा रंग असा मुळी नसतोच. पिसाच्या आतली अतिसूक्ष्म रचना उजेडातला निळा तेवढा परत फेकते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या पंखासाठी सहा निळ्या लड्या आणून भागणार नव्हतं. मला उजेड भरायचा होता. इथे पैठणीच कामी आली. तिची धूपछाव उभ्या आणि आडव्या धाग्यांचे रंग वेगळे ठेवून येते. मी एका सुईत दोन छटांचा एकेक पदर घेतला, एक निळा आणि एक हिरवट, आणि तेवढे निळे पट्टेच अशा दोन पदरांनी भरले. बाकी अंग एका पदराने.

दुसऱ्या पाखरासाठी कापड आधी भिजवून वाळवलं. पिसांची दिशा पेन्सिलीने बारीक बाणांनी आखून घेतली. छटा दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी निवडल्या, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेले रंग सकाळी भांडतात. रोज काम थांबवताना रिंग सोडली. शेपटीपासून सुरुवात केली. डोळा सगळ्यात शेवटी भरला आणि बाहुलीच्या वरच्या कडेला पांढऱ्या एका पदराचा एक टाका घातला. हे पाखरू अकरा महिन्यांत पूर्ण झालं.

भरतकाम शिकणाऱ्या मुलींना मी आता पहिल्या दिवशी टाका शिकवत नाही. पक्षी ठरवा आणि आठ दिवस त्याच्याकडे बघा, एवढंच सांगते. तो कुठे बसतो, उजेड कोणत्या बाजूने पडतो, पिसं कशी वळतात, हे एका कागदावर लिहून आणा. रंगाचं नाव लिहू नका, रंग लिहा. विटकरी असेल तर विटकरी लिहा, नाव काहीही असो. आणि रानात राबलेल्या माणसाला विचारायला लाजू नका. आपण ज्याला हात जोडून निघून येतो ते पाखरू त्याने वर्षानुवर्षं रोज पाहिलेलं असतं.

पहिला नीळकंठ मी उसवला नाही. मुली आल्या की दोन्ही पाखरं शेजारी ठेवते आणि चुका त्यांनाच शोधायला सांगते. दुसऱ्याच्या गळ्यावर पाच छटांचे दोरे आहेत: विटकरी, फिकट जांभळी, मातकट गुलाबी, तपकिरी आणि रेघांची पांढरट. त्यांत निळी एकही नाही.