उद्याचा दिवस आपल्या नावावर नाही

नवी मुंबईने वेळ वाचवण्यासाठी फार मोठा खटाटोप केला आहे. १९७० मध्ये हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली, १९९२ मध्ये मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला आली आणि जानेवारी २०२४ मध्ये सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. प्रत्येक पुलाने प्रवासाची काही मिनिटे वाचवली. तरीही आम्हा इथल्या ख्रिस्ती लोकांच्या तोंडी एकच तक्रार असते : वेळच मिळत नाही. घरची प्रार्थना, मंडळीतल्या आजारी माणसाची भेट, अबोला धरलेल्या भावाला फोन, सगळे पुढच्या आठवड्यावर जाते. यावर विचार करताना मला एक गोष्ट पटत गेली. ही कामे वेळेअभावी राहत नाहीत. उद्याचा दिवस आपल्या मालकीचा आहे असे आपण मनोमन धरून चालतो, म्हणून राहतात.

याकोबाच्या पत्राचा चौथा अध्याय याच समजुतीवर बोट ठेवतो. पुढच्या वर्षभराचे बेत आखणाऱ्या व्यापाऱ्यांना तो सांगतो की, तुमचे आयुष्य वाफेसारखे आहे, उद्याचे तुम्हांला ठाऊक नाही. आणि त्याच ओघात तो म्हणतो की, चांगले काय ते कळूनही न करणे हे पाप आहे. ही दोन विधाने शेजारी आली आहेत, यातच सारा अर्थ आहे. उद्या आपल्या हाती नसेल, तर कळलेले चांगले काम उद्यावर टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर उधारी करणे होय. इफिसकरांस लिहिताना पौल वेळेसाठी बाजारातला शब्द वापरतो. त्या ग्रीक क्रियापदात विकत घेण्याचा, सोडवून घेण्याचा अर्थ आहे. वाशीच्या बाजार समितीत भाजीपाल्याचे सौदे पहाटेच होतात. दुपारी पोहोचणाऱ्याच्या खिशात पैसे असतात, पण चांगला माल उठलेला असतो. संधीचेही तसेच आहे.

मोकळा वेळ मिळाला की करू, या समजुतीला माझ्यापाशी सर्वांत सबळ उत्तर पंडिता रमाबाईंचे आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या शेकडो मुली आणि स्त्रियांचा संसार त्या चालवत होत्या. त्या धबडग्यात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर हाती घेतले. ते काम एका तपाहून अधिक काळ चालले. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली; तरी रमाबाईंनी काम सोडले नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी निधन होण्यापूर्वी ते तडीस नेले. निवांतपणाची वाट पाहिली असती तर पहिले पानही झाले नसते. कोणी म्हणेल, सगळ्यांचीच कामे पुरी होतात असे नाही. खरे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. पुढचे अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी रचले. सुरू केलेले काम दुसऱ्याच्या हाती सोपवता येते. न केलेल्या आरंभाचा वारसा कोणालाच देता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक भक्तिभावाचा आहे : देवाची वेळ आली की होईल, लाजर आजारी असल्याचे कळूनही येशू दोन दिवस थांबलाच ना? थांबला, पण कशासाठी थांबतो आहे हे त्याला ठाऊक होते, आणि तिसऱ्या दिवशी धोक्याची पर्वा न करता तो यहूदियाच्या वाटेला लागला. वाट पाहणाऱ्याचे पाऊल तयार असते. चालढकल करणारा पाऊलच लपवतो. तारण कृपेने आहे, मग ही धावपळ कशाला, असेही विचारले जाते. कृपेमुळे तारण विकत घ्यावे लागत नाही, म्हणूनच आपला दिवस इतरांसाठी खर्चायला मोकळा होतो. आणि लोकलच्या गर्दीत पिळून घरी आलेल्या माणसाने विसावा घेणे ही दिरंगाई मुळीच नव्हे. शब्बाथ देवाचीच आज्ञा आहे. पण विसाव्यानंतर माणूस ताजा होतो, टाळाटाळीनंतर मात्र तो अधिकच थकतो, कारण न केलेले काम मनावर ओझे होऊन बसते. या खुणेवरून दोन्हींतला फरक प्रत्येकाला स्वतःशी ओळखता येतो.

म्हणून मला मोठ्या संकल्पांपेक्षा एका लहान प्रश्नावर भरवसा वाटतो : करायला हवे हे नक्की कळले आहे, तरी टाळतो आहे, असे आज माझ्यापुढे काय आहे? मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की, वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचा रोष आठवला, तर अर्पण तिथेच ठेवावे आणि आधी जाऊन समेट करावा. समेटासाठी तो उपासनाही क्षणभर थांबवतो. आपण तर समेटच थांबवतो. पुलांनी वाचवलेली मिनिटे आपल्या हाती आहेतच. नेरुळहून ठाण्याला राहणाऱ्या भावाकडे जायला लोकल आहे, आणि ती आजही सुटते.