लावून ठेव

गेल्या वर्षी एका पाककृती-पुस्तिकेचं भाषांतर माझ्याकडे आलं होतं. एअर फ्रायरबरोबर खोक्यात येते, तसली पुस्तिका. इंग्रजीत जिथे 'मॅरिनेट' होतं तिथे मी कुठे 'लावून ठेवा' लिहिलं, कुठे 'चोळून ठेवा', कुठे 'मुरू द्या'. आठवड्याभरात फाइल परत आली. एका इंग्रजी शब्दाला तीन मराठी शब्द चालणार नाहीत, सगळीकडे 'मॅरिनेट करा' ठेवा, वाचकांना कळतं. कळतं हे खरंच होतं. कोलकात्यात वाढलेली माझी मुलगीही तेच म्हणते. मी मुकाट्याने बदल केले आणि बिल पाठवलं.

पण ते तीन शब्द मी हौसेने वापरले नव्हते. वेंगुर्ल्याला आमच्या घरी बांगडे आले की आई ते साफ करून, चिरा देऊन परातीत ठेवायची आणि मला हाक मारायची, "मीठ-हळद लावन ठेव गो." किती वेळ, हे त्यात कधीच नसायचं. खोबरं वाटून होईपर्यंत, भाताला आधण येईपर्यंत, असा काहीतरी हिशेब तिच्या डोक्यात असावा. मटणाला मात्र 'चोळायचं', कारण तिथे नुसतं लावून भागत नाही. लावणं, चोळणं, ठेवणं ही सगळी माझी कामं. मुरणं हे माझं काम नव्हे. तिथे कर्ता लोणचं असतं. लोणचं मुरतं, मोरांबा मुरतो, पाक गुलाबजामात मुरतो. आपण मीठ, तेल, साखर घालायची, बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं आणि बाजूला व्हायचं. 'मुरवणे' असं रूप भाषेत आहे, पण आईच्या तोंडी ते ऐकल्याचं आठवत नाही. ती म्हणायची, "मुरूंदे." पुस्तिकेतल्या 'मॅरिनेट करा'मध्ये आपलं काम आणि त्या पदार्थाचं काम एकाच आज्ञेत कोंबलं गेलं, एवढीच माझी तक्रार होती. ती कुणाकडे करणार?

इथे आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी रुईचे तुकडे धुतात आणि सांगतात, "नून-होलूद माखिये रेखेछि." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलेच होते. आपल्याकडे माणूस माखतो तो चिखलाने, नाहीतर रक्ताने. आंघोळीआधी अंगाला तेलही माखतात, पण ते आठवायला मला दोन वर्षं लागली. लोणच्यासाठी मावशींचा शब्द निराळा आहे, 'मजणं' म्हणू या. गाळ साचून भरत आलेल्या तळ्यालाही त्या 'मोजा पुकुर' म्हणतात. म्हणजे हाताने करायचं आणि आपसूक व्हायचं, यांत त्यांच्याकडेही फरक आहेच.

आणि 'मॅरिनेट' तरी कुठे परका? त्याच्या पोटात समुद्र आहे. लॅटिनमध्ये 'मारे' म्हणजे समुद्र. मासे खारवणीत ठेवत, त्यावरून हा शब्द युरोपातल्या भाषांमधून फिरत इंग्रजीत आला. आमच्या शेजारच्या गोव्यातलं विंदालूही तसंच, मूळ पोर्तुगीज नावात वाइन आणि लसूण. मांस कशात ठेवलं होतं, तेच पदार्थाचं नाव झालं.

जास्त ठेवलं म्हणजे जास्त चांगलं, असं मात्र नाही. मीठ आत शिरतं. बाकीचा मसाला बहुतेक वरच्या वरच राहतो. आंबट मात्र माशाला न शिजवताच शिजवल्यासारखं करून टाकतं. एकदा सकाळी भेटकीच्या तुकड्यांना आगळ लावून, डबा फ्रिजमध्ये टाकून मी ऑफिसला गेले. संध्याकाळी तुकडे खडूसारखे झाले होते आणि तव्यावर त्यांचा भुगा झाला. फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "मासो म्हणजे काय लोणचा?"

मुरण्याचे आणखीही उपयोग आहेत. मुरलेला गवई आपण कौतुकाने म्हणतो, मुरलेला राजकारणी जरा जपून. पाणी मुरतंय म्हटलं की नुसता संशय. आई गेल्यानंतर घराच्या दुरुस्तीचा हिशेब भावाने पाठवला. चिरे, वाळू, गवंड्याची मजुरी. कोलकात्यात बसून मी तो वाचला, मला आकडा मोठा वाटला, आणि मी फोनवर म्हणाले, "कुठेतरी पाणी मुरतंय." असं, शुद्ध मराठीत. एरवी आम्ही बहीणभाऊ मालवणीतच बोलतो, भांडताना पुस्तकी होतो. त्याने फोन ठेवला. पुढे आत्येकडून कळलं की मागच्या भिंतीत खरोखरच पाणी मुरत होतं, ती उतरवून पुन्हा बांधावी लागली, खर्च त्याचाच होता. हे कळल्यावर मी लगेच फोन करायला हवा होता. गणपतीत करू, दिवाळीत करू, असं म्हणत राहिले. तीन वर्षं गेली.

पुस्तिका छापून आली त्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी त्याचाच फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही. वहिनी माहेरी गेली होती.

"आई बांगड्यांक किती वेळ लावन ठेवी गो?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. "अर्धो तास," मी ठोकून दिलं. "आगळ आत्ताच लावू नको. तळूच्या आधी लाव."

"मीठ-हळद लावलंय. आता अर्धो तास काय करू?"

मी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसले.

"भिंत कशी आसा?" मी विचारलं.

तो जरा वेळ बोलला नाही. मागे नळ वाहत असल्याचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"सुकली," तो म्हणाला. "तुमच्याकडे बांगडे मिळतत?"

"मिळतत. बर्फातले."