भगर फक्त उपासालाच का?

आम्हा नाशिककरांना भगरीचे अप्रूप नाही. पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरउतारांवर वरई पिकते. ती सडली की झाली भगर. पण डबा उघडतो तो चतुर्थी-एकादशीलाच. मला वाटू लागले, उपासाला आपण गरम तरी खातो. एरवी सगळ्यांचे डबे भरून झाले की उभ्याउभ्याच शिळी पोळी चहात बुडवायची! म्हणून हल्ली सकाळीच वाटीभर भगर धुऊन तुपात, जिरे-मिरचीवर परतते, तीन वाट्या आधणाचे पाणी, मीठ घालून झाकून मऊ शिजवते. वर दाण्याचे कूट, सोबत ताक.

सासूबाईंनी विचारले, "आज कसला गं उपास?"

म्हटले, "उपास नाही, न्याहारी. बसा, तुम्हालाही वाढते."

आता दोघी मिळून खातो. मैत्रिणींनो, करून बघा. पण बसून खा बरं!