तुडीलचे खळे आणि सोळा खुंट्या

बँकेच्या नोकरीत असताना काही वर्षे माझी नेमणूक महाडला होती. कर्जवसुलीच्या निमित्ताने खाडीपट्ट्यातील गावे तेव्हा पायाखालची झाली, आणि तुडीलच्या एका शेतकरी कुटुंबाशी जडलेला स्नेह निवृत्तीनंतरही टिकला. गेल्या नाताळच्या सुटीत मुलाने पुण्याहून कॅराव्हॅन, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, चालकासह भाड्याने घेतली, तेव्हा मुक्कामासाठी मला तुडीलच आठवले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण आणले असले तरी तयार तळ अजून मोजकेच. ओळखीच्या माणसाचे खळे हाच आमचा तळ.

ताम्हिणी घाट उतरून माणगाव, महाड आणि तेथून म्हाप्रळकडे जाणारा रस्ता. एके काळी सावित्रीच्या खाडीतून गलबते महाडपर्यंत येत आणि तेथून माल बैलांच्या पाठीवर घाटमाथ्यावर चढे. व्यापाऱ्यांच्या अशा तांड्याला आपल्या जुन्या कथांत सार्थ म्हटले आहे व त्याच्या प्रमुखाला सार्थवाह. ज्ञाताधर्मकथेतील धन्य सार्थवाहाने चार सुनांना भाताचे पाच-पाच दाणे सांभाळायला दिले, ती कथा वाटेत नातवंडांना सांगितली. एकीने दाणे टाकले, दुसरीने खाल्ले, तिसरीने डबीत जपले आणि रोहिणीने पेरले. बाहेर कापणी झालेली भातखाचरे होती आणि काही ठिकाणी ओलीवर वाल उगवून आले होते, त्यामुळे कथेला चित्रांची गरज पडली नाही.

चार वाजता पोहोचलो. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास. आम्हा उभयतांचा चौविहार. म्हणजे दोन तासांत गाडी स्थिर करणे, राहुटी उभारणे, पाणी भरणे आणि रांधून जेवणे. एरवी अशा घाईत आपण मुलांना ‘तिकडे खेळा’ म्हणून सांगतो. सूनबाईंनी मात्र कामे आधीच वाटून ठेवली होती, आणि ती खोटी, मन रमवण्यापुरती नव्हती. बारा वर्षांच्या थोरल्याकडे पाणी. विहिरीचे पाणी दुहेरी वस्त्रातून गाळायचे आणि जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत हलक्या हाताने सोडायची. पोहरा ओढताना त्याचे वडील जवळ उभे. सहा वर्षांच्या धाकट्याकडे पुंजणी. राहुटीची प्रत्येक खुंटी ठोकण्यापूर्वी तेथे मुंग्यांची रांग नाही ना हे पाहून जागा पुंजायची आणि मगच ‘ठोका’ म्हणायचे. सोळा खुंट्यांपैकी तीन त्याने हलवायला लावल्या. गाडीखालची कामे, जॅक आणि गॅस यांना कोणी हात लावायचा नाही, आणि गाडी मागे येत असताना तिघांनीही चालकाला समोर दिसतील असे उभे राहायचे, हा नियम मात्र पक्का.

दहा वर्षांच्या नातीकडे गाडीची पातळी. गवंड्याची पाणसळ आमच्याजवळ नव्हती. तिने ओट्यावर स्टीलचे ताट ठेवले, त्यात बोटभर पाणी ओतले आणि पाणी कोणत्या काठाला चढते ते पाहून चालकाला खिडकीतून सांगू लागली. ‘काका, डावं मागचं चाक अजून वर.’ चालकाने चाकाखाली फळी सरकवली, गाडी फळीवर घेतली, चाकांना दगड लावले. ताटातले पाणी चहूकडून सारखे झाले आणि ती समाधानाने विहिरीकडे गेली.

यानंतरचा अपराध माझा. बाहेरून पाहताना मला गाडी उजवीकडे कललेली वाटली. मागचा बांध उतरता होता आणि डोळा त्याच्याशी तुलना करत होता, हे ध्यानात आले नाही. मी चालकाला फळी काढायला लावली. साहेबांचा शब्द म्हणून त्यानेही काढली.

पावणेसहाला खिचडीसाठी डाळ-तांदूळ धुतले तेव्हा मोरीतले पाणी जाईना. कोपऱ्यात तुंबून राहिले. नातीने पुन्हा ताट मांडले.

‘आजोबा, फळी कुणी काढली?’

‘मीच.’

‘मग मला का नाही सांगितलंत?’

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी हाताखालच्यांना एकच गोष्ट शिकवली होती. व्हाउचर तपासणाऱ्याने त्यात स्वतः खाडाखोड करायची नाही. शंका असेल तर ज्याने लिहिले त्याच्याकडे परत पाठवायचे. लेखनिकाला दिलेला हा मान मी दहा वर्षांच्या मुलीला नाकारला होता. ती रडली नाही, पण राहुटीत जाऊन बसली. ते अधिक लागले. आत जाऊन तिची क्षमा मागितली आणि पातळी पुन्हा तिनेच घ्यावी असे विनवले. थोड्या वेळाने ती उठली. गॅस बंद, सगळे खाली, गाडी पुन्हा फळीवर. या खटाटोपात सूर्य टेकला. आम्ही दोघांनी घाईने खाकरे आणि दूध घेतले. खिचडी बाकीच्यांनी खाल्ली. घरच्यांनी मला बोल लावला नाही, तरी आजीने माझ्याकडे एकदा पाहिले तेवढे पुरेसे होते.

रात्री यजमान गप्पांना आले. सावित्रीत मगरी आहेत, मुलांना पाण्याकडे सोडू नका, हे त्यांनी प्रथम बजावले. मग म्हणाले, ‘आज अष्टमी. भांग आहे, पाणी फार चढायचं नाही.’ अष्टमी म्हणजे घरात हिरवी भाजी नाही, एवढेच मुलांना ठाऊक. त्याच तिथीला भरती लहान असते आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण येते, हे ऐकून थोरला पंचांगाचे पान मागू लागला.

सकाळी उलट्या क्रमाने आवरले. मोरीचे सांडपाणी यजमानांनी दाखवलेल्या नारळाच्या आळ्यात ओतले. पातळीच्या फळ्या मोजून नातीने ताट माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, ‘तपासा, पण हात नका लावू.’ खुंट्या मात्र पंधराच भरल्या. निघण्याची वेळ नऊची. मी म्हटले, एका खुंटीसाठी काय थांबायचे. धाकटा ऐकेना. खड्डे मातीने बुजवत तो खळ्यावर फिरत राहिला, आणि दहाला थोडे कमी असताना पेंढ्याखालून सोळावी घेऊन आला.