आयर्लंडच्या कथा कोणी जपल्या? आणि आपल्या कोण जपणार?



आयर्लंडचे नाव निघाले की आपल्याला एकच गोष्ट आठवते. आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्या 1937 च्या राज्यघटनेवरून घेतली आहे. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ही एक ओळ असते आणि आपण ती पाठ करतो. ज्यांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' नीट वाचले आहे, त्यांना बाबासाहेबांनी त्यात दिलेला आयर्लंडच्या होमरूल चळवळीचा दाखलाही आठवेल. माझेही ज्ञान इथेच संपत होते.

माझी भाची डब्लिनला नर्स आहे. एकदा तिने तिथल्या मुख्य टपाल कार्यालयातल्या एका पुतळ्याचा फोटो पाठवला. एक जखमी तरुण स्वतःला दगडी खांबाला बांधून मरतो आहे, खांद्यावर कावळा बसला आहे. हा कू खुलिन, आयरिश पुराणकथांमधला सर्वात मोठा वीर. मरतानाही शत्रूसमोर खाली पडायचे नाही म्हणून त्याने स्वतःला बांधून घेतले. 1916 चे ब्रिटिशांविरुद्धचे बंड याच इमारतीतून लढले गेले, म्हणून हा पुतळा तिथे.

रात्री तिचा फोन आला. म्हणाली, "मामा, ह्यांच्या सगळ्या जुन्या कथा ख्रिस्ती मठातल्या साधूंनी लिहिल्यात म्हणे. म्हणजे ज्यांनी जुना धर्म बुडवला, त्यांनीच त्याच्या कथा लिहिल्या. मग त्या खऱ्या कशा धरायच्या? आपलाही इतिहास दुसऱ्यांनीच लिहिला, तसंच ना हे?"

मी घाईने "हो, तसंच" म्हणालो. पण उत्तर मनाला पटेना. मग मी वाचायला लागलो आणि माझे ते "तसंच" किती अपुरे होते ते कळले. म्हणून हा लेख.

आधी वस्तुस्थिती. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी आयर्लंडमध्ये ओगम नावाची लिपी होती. दगडाच्या कडेवर रेघा कोरायच्या. असे सुमारे 400 दगड आज उरले आहेत, पण त्यांवर बहुतेक माणसांची नावेच आहेत. कथा दगडावर नव्हत्या, त्या 'फिली' म्हणजे कवींच्या डोक्यात होत्या. आपल्याकडे धम्मवचने पाठ ठेवणारे भाणक होते, तसे हे कथा आणि वंशावळी पाठ ठेवत. सर्वोच्च दर्जाच्या कवीला 350 कथा यायला हव्यात असे जुने ग्रंथ सांगतात. आणि मित्रांनो, इथे थांबून लक्ष द्या. या कवीचा पूर्ण दर्जा मिळायचा असेल तर बाप आणि आजाही कवी असावे लागत. म्हणजे तिथेही ज्ञान घराण्यातच फिरत होते. साधू येण्याआधी सगळे समान होते, असा भाबडा समज करून घ्यायचे कारण नाही.

पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्म आला आणि त्याच्याबरोबर लॅटिन भाषा, कातडी पाने आणि शाई आली. पुढे मठांमध्ये साधू आयरिश भाषेतही लिहू लागले. शॅनन नदीकाठच्या क्लॉनमॅकनॉइस मठात इ.स. 1100 च्या सुमारास एक ग्रंथ तयार झाला, त्याला 'तपकिरी गाईचे पुस्तक' म्हणतात. त्याच्या लेखकांपैकी एक मेल मुरे. 1106 मध्ये लुटारूंनी त्याला मठाच्या दगडी चर्चमध्येच ठार मारले. त्याच्या पुस्तकाची 67 पाने आज डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आहेत. कू खुलिनची 'टॉइन' ही मोठी कथा या पुस्तकात अर्धीमुर्धी सापडते. टॉइन म्हणजे गुरांची लूट. कॉनॉक्टची राणी मेव्ह एका बैलासाठी अल्स्टरवर चालून जाते, ती ही कथा.

हीच कथा बाराव्या शतकातल्या 'लेन्स्टरच्या पुस्तका'त अधिक सलग आहे. तिच्या शेवटी दोन टिपा आहेत. पहिली आयरिश भाषेत. ही कथा जो आहे तशी पाठ ठेवील आणि तिच्यात बदल करणार नाही, त्याला आशीर्वाद. दुसरी लॅटिनमध्ये. तिचा आशय असा, की मी ही कथा लिहिली खरी, पण तिच्यातल्या पुष्कळ गोष्टींवर माझा विश्वास नाही. काही भुतांची फसवणूक आहे, काही कवींची कल्पना आहे, काही मूर्खांच्या करमणुकीसाठी आहे.

ही टीप मी तीनदा वाचली. हा माणूस कथेशी सहमत नव्हता. तरी त्याने ती पूर्ण लिहिली आणि आपला विरोध शेवटी वेगळा नोंदवला. मजकुरात घुसडला नाही. विरोधक असावा तर असा.

पण सगळे असे नव्हते. अकराव्या शतकात 'आयर्लंडवरील आक्रमणांचे पुस्तक' रचले गेले. त्यात आयर्लंडचा इतिहास थेट बायबलच्या नोहाला जोडला आहे. पहिली आलेली बाई कोण, तर नोहाची नात. जे जुने देव होते, तूआहा डे डॅनन, ते या पुस्तकात देव राहिले नाहीत. ते एक हरलेली टोळी झाले. नंतर आलेल्यांनी त्यांचा पराभव केला आणि ते टेकड्यांच्या पोटात राहायला गेले. ज्या न्यूग्रेंजच्या थडग्याला या देवांचे घर मानले गेले, ते इ.स.पूर्व 3200 च्या आसपासचे आहे, म्हणजे या सगळ्या लेखकांच्या आधी चार हजार वर्षे.

हरलेले जमिनीखाली गेले! हे वाचून ज्याला बळीराजा आठवणार नाही तो आपल्या चळवळीतला नव्हे. जोतिराव फुल्यांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त वामन आणि बळीची कथा उलटी वाचून दाखवली. ज्याला पाताळात घातले तोच खरा राजा होता, हे त्यांनी त्याच कथेतून काढून दाखवले. म्हणजे जिंकणाऱ्याने लिहिलेल्या कथेतही हरलेल्याची खूण राहून जाते, वाचणारा तयार पाहिजे.

टॉइनमध्येच अशी एक खूण आहे. अल्स्टरवर हल्ला होतो तेव्हा तिथल्या योद्ध्यांना उठताही येत नाही. कू खुलिन एकटा लढतो. का? त्यामागे माखा नावाच्या बाईची कथा आहे. तिचा नवरा जत्रेत बढाई मारतो की माझी बायको राजाच्या घोड्यांपेक्षा वेगाने धावते. राजा तिला पकडून आणतो. ती गरोदर असते, दिवस भरलेले असतात. ती जमलेल्या लोकांना विनवते, तुम्हालाही कुणी आईनेच जन्म दिला आहे, माझे बाळंतपण होईपर्यंत थांबा. कोणी ऐकत नाही. ती धावते, जिंकते आणि शर्यतीच्या शेवटी तिथेच जुळ्यांना जन्म देते. आणि शाप देते, की तुमच्यावर संकट येईल तेव्हा बाळंतिणीच्या कळा तुम्हाला येतील, नऊ पिढ्या.

वीरकथा म्हणून मिरवलेल्या कथेच्या मुळाशी एका बाईची भरजत्रेत केलेली विटंबना आहे. राजधानीचे नावच 'माखाची जुळी' असे पडले. साधूंनी ही कथा गाळली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

आता दुसरी बाजू. जुन्या आयरिश कायद्यात किंमत मोजण्याचे एक माप होते, 'कुमल'. या शब्दाचा मूळ अर्थ गुलाम स्त्री. दंड किती, जमिनीचा भाव किती, तर इतक्या कुमल. एक कुमल म्हणजे सर्वसाधारणपणे तीन दुभत्या गाई. मेव्ह राणीची कथा आहे, कू खुलिनची आहे, बैलाचीसुद्धा आहे. पण जिच्या देहावरून चलन ठरले तिची वीरकथा कुठे आहे? तिला ना कवीने पाठ केले, ना साधूने लिहिले.

एकाने मात्र तिची दखल घेतली. संत पॅट्रिक. त्याला सोळाव्या वर्षाच्या सुमारास पकडून आयर्लंडमध्ये गुलाम केले गेले, सहा वर्षे त्याने गुरे राखली. पुढे धर्मप्रचारक म्हणून परत आल्यावर त्याने लॅटिनमध्ये आपले निवेदन लिहिले. धर्म स्वीकारणाऱ्या स्त्रियांमध्ये गुलाम स्त्रियांना सर्वात जास्त सोसावे लागते, असे त्यात त्याने नोंदवले आहे. हे आयर्लंडमध्ये लिहिल्या गेलेल्या आणि आज उपलब्ध असलेल्या सर्वात जुन्या लेखनापैकी आहे. गुलामाचे दुःख दिसले ते कोणाला? जो स्वतः गुलाम होता त्याला.

म्हणजे भाचीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. लिहिणारा मित्र होता की विरोधक, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, लेखणी कोणाच्या हाती होती आणि कोणाच्या हाती नव्हती. प्रामाणिक विरोधक तुमची कथा जपूही शकतो. पण तो ज्यांना माणूस म्हणून मोजतो त्यांचीच जपतो.

विसाव्या शतकात स्वतंत्र आयर्लंडने यावर काही केले. 1935 मध्ये लोककथा आयोग स्थापन झाला. 1937 ते 1939 या काळात सुमारे 5,000 प्राथमिक शाळांतल्या जवळपास 50,000 मुलांना वह्या देऊन सांगितले, घरी जा, आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारा आणि लिहून आणा. मुलांनी दुष्काळाच्या आठवणी, औषधे, वीरांच्या कथा, सगळे लिहिले. कोणी सांगितले त्याचे नाव, गाव यांसकट. त्या वह्या आजही जपून ठेवल्या आहेत. आयोगाचे लोक मेणाच्या नळकांड्यांवर आवाज मुद्रित करत. पैसा कमी, म्हणून मजकूर उतरवून झाला की मेण खरवडून तेच नळकांडे पुन्हा वापरत. आवाज गेले, शब्द राहिले.

पण इथेही एक जमात सुटली. आयर्लंडमध्ये ट्रॅव्हलर नावाचा भटका समाज आहे. गावाबाहेर राहणारा, शतकानुशतके हिणवलेला. 1952 मध्ये आयोगाने त्यांच्याविषयी प्रश्नावली काढली. पाठवली कोणाला? स्थिर गाववाल्यांना. ज्यांच्याविषयी विचारायचे त्यांना सोडून ज्यांनी त्यांना हाकलले त्यांना विचारले. या समाजाला स्वतंत्र वांशिक ओळख म्हणून आयरिश सरकारने मान्यता दिली ती 2017 साली, आणि तीही त्यांच्या स्वतःच्या संघटना अनेक वर्षे लढल्या म्हणून.

आता माझा गुन्हा सांगतो. 1991, बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष. माझी आजी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायची. तिला अक्षर येत नव्हते. मी मित्राचा टेपरेकॉर्डर आणून एका कॅसेटची दोन्ही बाजू तिचा आवाज भरून घेतला. मोठा पराक्रम केल्यासारखे वाटले. दोन वर्षांनी वस्तीत जयंतीचा गाण्यांचा कार्यक्रम होता, कोरी कॅसेट सापडेना. मी त्याच कॅसेटवर तो कार्यक्रम भरला. आजीला पुन्हा गायला लावू, असा विचार केला होता. लावले नाही. 1996 ला ती गेली. आज मला तिच्या ओव्यांतली एकही पूर्ण ओवी येत नाही.

आयर्लंडच्या लोकांनी मेण खरवडले ते लिहून घेतल्यावर. मी लिहून न घेताच पुसले. याला कुठला साधू, कुठला भट जबाबदार नाही. लेखणी माझ्या हातात होती, बाबासाहेबांमुळे आली होती.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या सहकाऱ्यांना घेऊन जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यात बाबासाहेबांवरच्याही आहेत. त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण आपल्या वस्तीतल्या म्हातारीकडे जायला आपल्याला कोणाची वाट पाहायची गरज काय?

येत्या 14 एप्रिलला डीजेच्या वर्गणीतून शंभर वह्या घ्या. वस्तीतल्या सहावी-सातवीच्या मुलामुलींना एकेक द्या. आजीला, आजोबाला विचारायला सांगा. पहिल्या पानावर सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव आणि तारीख. 1956 ला दीक्षाभूमीवर कोण गेले होते, कसे गेले, घरातले देव कोणी काढले, कोणी विरोध केला. जे आपल्याला पटत नाही तेही लिहा. आजी अजून लक्ष्मीआईचे नाव घेत असेल तर ते गाळू नका, आपले मत शेवटी वेगळे लिहा. लेन्स्टरच्या त्या लेखकाकडून एवढे तरी शिकू.

भाचीला मी हे सगळे फोनवर सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, आईला अजून पणजीच्या दोन-तीन ओव्या येतात. तुम्ही कधी विचारलंच नाही तिला."

या रविवारी मी बहिणीकडे जातो आहे. वही घेतली आहे.

जय भीम!