मोकळे हात, गुंतलेले मन

खानदेशात आपली घरे विरळ आणि अंतरे मोठी. वसईकडे एका आळीत जेवढी कॅथलिक कुटुंबे भेटतात, तेवढी भेटायला येथे दोन-तीन गावे पालथी घालावी लागतात. साहजिकच येथल्या धर्मगुरूचे निम्मे आयुष्य रस्त्यावर जाते आणि उरलेल्यापैकी बराच भाग फोनवर. जळगावहून धुळ्याला जायचे म्हणजे गिरणेचा पूल ओलांडून पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे असा नव्वदेक किलोमीटरचा पल्ला. पूर्वी ज्याला आपण सहा नंबरचा हायवे म्हणत असू, तोच आता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ झाला आहे. या वाटेवर असतानाच नेमका कुणाचा तरी फोन येतो. कुणी आजारी असते, कुणाच्या मुलीचे लग्न ठरत असते, तर कुणाच्या घरात भावाभावांचे बिनसलेले असते. म्हणूनच धर्मग्रामातील तरुण मंडळी मला वरचेवर सुचवीत, “फादर, एक ब्लूटूथ घेऊन टाका.”

आमच्याकडे या वस्तूला हेडसेट कोणी म्हणत नाही. ‘ब्लूटूथ’ हेच तिचे नाव. या नावामागची कथा मोठी रंजक आहे. दहाव्या शतकात डेन्मार्कवर हॅराल्ड नावाचा राजा राज्य करीत होता. ‘निळा दात’ अशा अर्थाचे टोपणनाव त्याला पडले होते. डेन्मार्कमधील येलिंग या गावी त्याने उभारलेली शिळा आजही पाहायला मिळते. आपण सारा डेन्मार्क व नॉर्वे जिंकला आणि डेन लोकांना ख्रिस्ती केले, असे त्याने तिच्यावर कोरून ठेवले आहे. हजार वर्षांनंतर, १९९७ साली, निरनिराळी उपकरणे बिनतारी जोडणाऱ्या एका नव्या तंत्राला नाव शोधताना इंटेल कंपनीतील जिम कार्डॅक या अभियंत्याला हा विखुरलेल्यांना एकत्र आणणारा राजा आठवला. मूळ तंत्रावर स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन हे १९९४ पासून काम करीत होते. पुढे १९९८ साली एरिक्सन, इंटेल, आय.बी.एम., नोकिया आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी मिळून त्याचा संघ स्थापन केला. आपल्या फोनवर जी निळी खूण दिसते, ती त्या राजाच्या नावातील दोन आद्याक्षरांची, प्राचीन रूनी लिपीतील जोडाक्षरी खूण आहे.

हे तंत्र चालते कसे, तेही थोडक्यात सांगतो, कारण निवड करताना ते उपयोगी पडते. फोन आणि हेडसेट २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर एकमेकांशी बोलतात. त्याच पट्ट्यात घरातले वाय-फाय चालते आणि मायक्रोवेव्ह भट्टीही. या गर्दीतून वाट काढण्यासाठी ब्लूटूथने तो पट्टा ७९ वाहिन्यांत विभागला आहे आणि बोलणे चालू असताना ते एका सेकंदात १६०० वेळा वाहिनी बदलते. छोट्या हेडसेटचा पल्ला साधारण दहा मीटरचा असतो. मात्र आपल्या शरीरात पाणी पुष्कळ असल्याने या लहरी त्यात शोषल्या जातात. फोन पँटच्या डाव्या खिशात आणि हेडसेट उजव्या कानात असेल, तर आवाज मधूनच तुटतो, त्याचे कारण हे. दोन्ही एकाच बाजूला ठेवले की बहुतेक वेळा ही तक्रार मिटते.

आता निवडीविषयी. दुकानदार आपल्या कानात हेडसेट घालून एक झकास गाणे लावतो आणि आपण खूष होऊन पैसे मोजतो. परंतु गाणे ऐकण्याची रीत वेगळी आणि फोनवर बोलण्याची वेगळी. गाण्याच्या वेळी आवाज एकाच दिशेने, ऐसपैस वाटेने येतो. फोन आला की हेडसेट दुसऱ्या रीतीवर जातो. तेथे आवाज येतोही आणि जातोही, म्हणून वाट अरुंद होते. तेव्हा गाण्यावरून पारख करू नये. दुकानाबाहेर रहदारीत उभे राहून घरी एक फोन लावावा आणि पलीकडच्या माणसाला विचारावे, “माझे बोलणे स्वच्छ ऐकू येते का?” फोनसाठी घेतलेल्या हेडसेटचा खरा परीक्षक पलीकडचा माणूस असतो. कान आपले असले, तरी माईक त्याच्यासाठी असतो.

डब्यावर ‘नॉइज कॅन्सलेशन’ असे ठळक छापलेले असते. त्याचे अर्थ दोन आहेत. एका प्रकारात आपल्या कानावर येणारा बाहेरचा गोंगाट कमी होतो. दुसऱ्या प्रकारात आपल्या माईकमधून पलीकडे जाणारा गोंगाट कमी होतो. बोलण्यासाठी हेडसेट हवा असेल, तर दुसरा प्रकार महत्त्वाचा. माईक तोंडाच्या जितका जवळ तितके हे काम सोपे, म्हणून तोंडापाशी येणारी दांडी असलेला हेडसेट दिसायला ओबडधोबड असला तरी बोलण्याला सरस ठरतो. दोन्ही कानांत घालायचे चिमुकले इअरबड माईकच्या बाबतीत मागे पडतात, कारण त्यांचा माईक तोंडापासून दूर, कानाशी असतो. गळ्यात अडकवायचा नेकबँड स्वस्त पडतो, हरवत नाही आणि आपल्याकडे तोच अधिक दिसतो. मी स्वतः एका कानाचा, दांडीचा हेडसेट पसंत केला. दुसरा कान जगासाठी मोकळा राहतो, हे त्याचे मुख्य कारण.

आणखी एक गोष्ट आपल्या भाषेच्या दृष्टीने सांगण्यासारखी आहे. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनवर आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच भाग पलीकडे पोहोचत असे. माणूस ओळखू यायला तेवढे पुरते. पण ‘स’ या वर्णाचा जोर ४००० हर्ट्झच्याही वर असतो, आणि नेमका तोच गळून पडतो. मग ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतला फरक कानाला कळत नाही. नव्या व्हीओएलटीई जोडणीवर आवाजाचा हा पट्टा रुंदावला आहे. ब्लूटूथमध्येही २०११ पासून फोनसाठी रुंद आवाजाची सोय झाली. परंतु फोन, जोडणी आणि हेडसेट या तिन्हींत ती सोय असेल तरच लाभ होतो. म्हणून दुकानात ‘एच.डी. व्हॉइस’विषयी विचारून घ्यावे आणि डब्यावर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण आहे की नाही तेही पाहावे.

सांभाळण्याविषयी दोन शब्द. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि बंद मोटारीत तर तो त्याहूनही पुष्कळ वर चढतो. या उपकरणांतील लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. म्हणून हेडसेट मोटारीच्या काचेखाली उन्हात ठेवू नये आणि तापलेला असताना चार्जिंगला लावू नये. कानात बसणारा भाग कोरड्या फडक्याने पुसत जावा आणि दुसऱ्याला वापरायला देऊ नये. आवाज चढवून तासन्‌तास ऐकू नये. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सुचविलेली मर्यादा ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, अशी आहे.

इतके झाल्यावर वस्तूचे गुणगान संपते आणि खरा प्रश्न पुढे येतो. या मोकळ्या झालेल्या हातांचे आपण करायचे काय?

धर्मग्रामातील एका घरी मी हेडसेटचा फार सुंदर उपयोग पाहिला. कळण्याची भाकरी थापता थापता एक माऊली पुण्यातल्या आपल्या मुलाशी बोलत होती. दोन्ही हात पिठात, फोन फडताळावर आणि लेकराचा आवाज कानात. पूर्वी फोन वाजला की तिला हात धुवावे लागत, भाकरी करपे, नाहीतर फोन कटत असे. आता ती मुलाची हकीकत निवांत ऐकते. मध्येच भाकरी उलटायची झाली, तर “थांब रे जरा,” म्हणते. तिचे लक्ष क्षणभर बोलण्यात गुंतले, तर फार तर एक भाकरी करपेल.

रस्त्याचे तसे नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. दोन सेकंद मन दुसरीकडे गेले, तर ४४ मीटर अंतर आपण जणू डोळे मिटून काटले. तेवढ्यात कापसाने भरलेला ट्रॅक्टर आडवा येतो किंवा मेंढरांचा कळप रस्ता ओलांडू लागतो. फागणे ते तरसोद या सुमारे ८७ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण हाती घेण्यात आले. रस्ता रुंद होतो तसा वेगही वाढतो.

“पण हात तर स्टिअरिंगवरच असतात ना?” असे पुष्कळ जण म्हणतात. या प्रश्नाचा जगात बारकाईने अभ्यास झाला आहे. कॅनडातील टोरांटो येथे रेडेलमायर आणि टिबशिरानी या संशोधकांनी अपघात झालेल्या ६९९ वाहनचालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या आणि १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि हात मोकळे ठेवणारा फोन वापरल्याने तो कमी झाल्याचे दिसत नाही, असे त्यांना आढळले. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील २००५ सालच्या अभ्यासातही तेच दिसून आले. अमेरिकेत युटा विद्यापीठाचे डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याचे कारण उलगडत गेले. बोलण्यात गुंतलेल्या चालकाचे डोळे समोर असतात, पण डोळ्यांपुढचे त्याला दिसत नाही. हात मोकळे होतात, मन मात्र गुंतलेलेच राहते.

आपल्याकडे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली. वाहन चालवताना हातात धरायचे संपर्कसाधन वापरणे, हे कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालविण्याचा प्रकार म्हणून नमूद झाले. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्यातील ‘हातात धरायचे’ या शब्दांवर बोट ठेवून कित्येक जण निर्धास्त होतात. परंतु कायद्याची रेषा जेथे संपते, तेथेच विवेकाचीही संपते असे नाही. रस्त्यावर समोरून येणाऱ्या कुटुंबाला आपण कोणते कलम पाळले, याच्याशी कर्तव्य नसते.

गेल्या पावसाळ्यात मी जळगावहून धुळ्याला निघालो होतो. एका इस्पितळात आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ अत्यवस्थ होते. पारोळ्याच्या अलीकडे फोन वाजला. पडद्यावर त्यांच्या पत्नीचे नाव होते. मी फोन वाजू दिला. पुढे पेट्रोल पंप लागला, त्याच्या आवारात गाडी उभी केली, इंजिन बंद करून काचा वर घेतल्या आणि हेडसेट कानात घालून तिला फोन लावला. ती रडत होती. मी लवकर यावे म्हणून तिने फोन केला असेल, असा माझा समज होता. तिला हवे होते वेगळेच. शस्त्रक्रिया तातडीने करायची होती, कागदावर सही करावी की नाही ते तिला सुचत नव्हते आणि पैशांची जुळवाजुळव बाकी होती. मी तिला डॉक्टरांच्या हाती फोन द्यायला सांगितले. मांडीवर डायरी ठेवून रक्तगट, औषधांची नावे आणि रक्कम लिहून घेतली. रक्कम साठ हजारांची होती, आठ हजारांची नव्हे. ती मी दोनदा विचारून पक्की केली. मग तेथूनच धुळ्यातील दोघा-तिघांना फोन केले. या सगळ्यात बारा मिनिटे गेली. मी पोहोचलो तेव्हा सही झालेली होती, पैसे भरलेले होते आणि रक्त द्यायला दोन तरुण रांगेत उभे होते. शस्त्रक्रिया त्याच रात्री पार पडली.

त्या दिवशी हेडसेटने माझा हात मोकळा केला, तो पेन धरण्यासाठी. चालत्या गाडीत तेच संभाषण झाले असते, तर ना मला तिचे रडणे नीट ऐकता आले असते, ना समोरचा रस्ता दिसला असता. दोघांनाही अर्धेच लक्ष मिळाले असते, आणि दोघांचाही हक्क पुऱ्या लक्षाचा होता.

शेवटी एक विनंती आहे, आणि ती गाडी चालवणाऱ्यांपेक्षा घरी बसून फोन करणाऱ्यांना अधिक आहे. युटा विद्यापीठातील संशोधकांना २००८ साली असे आढळले की, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलताना चालकाचे लक्ष फोनइतके विचलित होत नाही. कारण उघड आहे. शेजारच्याला रस्ता दिसतो. अवघड वळण आले, समोर ट्रक आला की तो आपोआप गप्प होतो, प्रसंगी “अरे, जपून!” असेही म्हणतो. फोनवरच्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. तो आपल्या सुखदुःखाच्या भरात बोलतच राहतो.

त्याला रस्ता दाखविण्याचा एक सोपा उपाय आहे, त्याला पैसे पडत नाहीत. केळीची गाडी घेऊन रावेरहून उत्तरेकडे निघालेला मुलगा असो, दुचाकीवरून रात्रपाळीला जाणारी परिचारिका मुलगी असो, की तुमचे फादर असोत, फोन उचलला गेला की पहिला प्रश्न एवढाच विचारावा, “गाडीवर आहेस का?” उत्तर ‘हो’ आले, तर “मग उतरल्यावर बोलू,” असे म्हणून आपणच फोन ठेवावा. आमच्या धर्मग्रामातील काही घरांनी ही सवय लावून घेतली आहे. त्या घरांतून मला फोन येतो, तेव्हा पलीकडून रस्त्याकडे पाहणारे कुणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखे वाटते.