ऊन पाण्याचे गाव आणि चाकावरचे घर

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात वाळवंटाच्या कुशीत एक गाव आहे. गावाचे नाव ‘ट्रूथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘खरे सांगा, नाहीतर परिणाम भोगा’! वस्ती जेमतेम सहा हजार. पूर्वी गावाचे नाव साधे ‘हॉट स्प्रिंग्ज’, म्हणजे ऊन पाण्याचे झरे, असे होते. रेडिओवर ‘ट्रूथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ नावाचा प्रश्नोत्तरांचा करमणुकीचा कार्यक्रम लागत असे. त्याला दहा वर्षे झाली तेव्हा सूत्रधार राल्फ एडवर्ड्स यांनी जाहीर केले की, जे गाव हे नाव घेईल तेथून आम्ही कार्यक्रम सादर करू. १९५० साली या गावाने मतदान घेतले आणि नाव बदलून टाकले. आपल्याला एका विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत झगडावे लागले, घरेदारे जळाली, माणसे गेली. तिथे एका रेडिओच्या कार्यक्रमासाठी अख्ख्या गावाचे नामांतर एका मतदानात उरकले. जग असेही आहे.

माझी पुतणी आणि जावई टेक्सासमधील एल पासो शहरात नोकरी करतात. सप्टेंबरअखेरीस त्यांनी आरव्ही भाड्याने घेतली आणि चार दिवस या गावी जाऊन राहिली. आरव्ही म्हणजे चाकावरचे घर. टेम्पोएवढ्या गाडीत पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, न्हाणीघर आणि संडास, सगळे बसवलेले. ‘काका, आपल्या चाळीतल्या खोलीपेक्षा नीटनेटके आहे,’ असे पुतणी फोनवर म्हणाली. माझा पेशा हिशेबाचा, म्हणून मी आधी पेट्रोलचे विचारले. लिटरला चारेक किलोमीटर, असे उत्तर आले. म्हणजे ही स्वस्तातली हौस नव्हे.

एल पासोहून गाव सुमारे १९० किलोमीटर. लास क्रूसेस सोडून उत्तरेला निघाले की हमरस्त्यावर सीमा पोलिसांची चौकी लागते. मेक्सिकोची हद्द जवळ, म्हणून हा बंदोबस्त. आपल्या रंगाच्या माणसाला तिथे कागद जवळ ठेवावे लागतात. यांनी कागद दाखवले, पोलिसाने पुढे जा म्हटले. पुढे हॅच नावाचे खेडे. त्याची मिरची सगळ्या अमेरिकेत नावाजलेली. हंगामात रस्त्याच्या कडेला जाळीच्या पिंपात हिरवी मिरची घालून ते आगीवर फिरवतात आणि खमंग भाजतात. लाल मिरच्यांच्या माळा दारोदार टांगलेल्या असतात. पुतणीने भाजलेली मिरची घेतली, लसूण-मीठ घालून वाटीच्या बुडाने ठेचली आणि गाडीतल्या शेगडीवर भाकरी थापली. पीठ घरून नेले होते, हे सांगायला नकोच.

आता झऱ्यांविषयी. गावाखालून ऊन पाणी वाहते. ऊन म्हणजे अंगाला सोसेल इतके, साधारण ३७ ते ४६ अंश. आपल्याकडच्या वज्रेश्वरीला गेलेल्यांना गंधकाचा वास आठवत असेल. इथल्या पाण्याला तो नाही. जुन्या स्नानगृहांतून तासाच्या हिशेबाने खोली मिळते. काही ठिकाणी टाक्याच्या तळाशी खडी असते आणि पाणी त्या खडीतूनच वर येते. दोघांनी रात्री रिओ ग्रांदे नदीकाठच्या टाक्यात बसून चांदणे पाहिले.

हे गाव वाढले ते धरणामुळे. जवळच एलिफंट ब्यूट धरणाचे काम १९११ ते १९१६ या काळात झाले आणि मजुरांची वस्ती इथे जमली. पुढे १९३७ साली पोलिओने अपंग झालेल्या मुलांसाठी सरकारने इथे रुग्णालय उभारले. मुलांना ऊन पाण्यात व्यायाम देत. रुग्णालय १९८१ साली अल्बुकर्की शहरी हलले. त्या इमारतीत नंतर वृद्ध सैनिकांचे निवासगृह झाले.

पण त्याही आधी हा मुलूख अपाची लोकांचा होता. या भागातल्या चिहेने अपाचींचे आवडते ठिकाण म्हणजे वायव्येकडील ओहो कालिएंते, त्याचाही अर्थ ऊन पाण्याचा झराच. १८७७ साली तिथून त्यांना हुसकून ॲरिझोनातल्या सान कार्लोसच्या रखरखीत छावणीत नेण्यात आले. त्यांचा पुढारी व्हिक्टोरिओ लढत राहिला आणि १८८० साली मेक्सिकोत मारला गेला. १८८६ साली जेरोनिमो शरण आल्यावर चिरिकाहुआ अपाचींना, बायकामुलांसह, आगगाडीत भरून फ्लोरिडाला युद्धकैदी म्हणून पाठवले. त्यात सरकारी सैन्यासाठी वाटाडे म्हणून इमाने चाकरी केलेले अपाचीही होते! ही कैद २७ वर्षे चालली. जेरोनिमो १९०९ साली कैदेतच वारला. आज गावातल्या एका झऱ्याला आणि संग्रहालयाला त्याचे नाव आहे. नाव द्यायला कोणाचे काय जाते? पाणी मात्र परत मिळाले नाही. पाण्याचा हक्क म्हणजे काय, हे महाडच्या वारसांना वेगळे समजावायला नको.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम विचारली. गाडीत संडास आहे, तर मैला जातो कुठे? जावयाने सविस्तर सांगितले. गाडीखाली दोन टाक्या असतात, एक मैल्याची, दुसरी न्हाणीघराच्या व भांड्यांच्या पाण्याची. तळावर गटाराचे तोंड असते. हातमोजे घालायचे, जाड नळी जोडायची, आधी मैल्याची झडप उघडायची आणि मग सांडपाण्याची, म्हणजे नळी धुऊन निघते. हे काम ज्याची गाडी त्यानेच करायचे. शेजारच्या गाडीत निवृत्त बँक मॅनेजर होते, तेही सकाळी मोजे चढवून झडप ओढत होते आणि इकडे बायकोशी गप्पा मारत होते. कोणी नाक मुरडत नव्हते, कोणाला बोलावत नव्हते. आपल्याकडे हे काम माणसाकडून करून घेण्यास बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली आणखी कडक झाला, तरी गटारात उतरलेल्या माणसाच्या मृत्यूची बातमी येतेच. ती माणसे कोणत्या वस्तीतली असतात, हेही ठाऊक आहे.

म्हणून अमेरिका म्हणजे समतेचे माहेरघर, असे कोणी समजू नये. आर्कान्सा राज्यातल्या हॉट स्प्रिंग्ज गावी गोऱ्यांच्या स्नानगृहांत काळे लोक अंग चोळायला नोकरीस असत, पण त्याच टाक्यात उतरायची त्यांना मनाई होती. त्यांनी स्वतःची वेगळी स्नानगृहे काढली.

तळावर सत्तरीची एक बाई जुन्या व्हॅनमध्ये एकटीच राहत होती. घरभाडे परवडेना म्हणून व्हॅन. सकाळी टाक्या घासायच्या, त्या बदल्यात जागेचे भाडे माफ. निघताना पुतणीने तिला डबीत ठेचा दिला. बाईने बोटावर घेऊन चाखला, डोळे पुसले आणि आणखी मागितला.